डाग पडेल म्हणून ठेवलेला चाकू

मी चाकू बोलतोय, आणि वैतागून बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो. घडीचा चाकू आहे मी. पातं मुठीत मिटतं, नखानं ओढलं की बाहेर येतं आणि पाठीतल्या कमानीवर, म्हणजे स्प्रिंगवर, टक्कन बसतं. जन्मलो कापायला. पण आजवर काय काय कापलंस, असं कुणी विचारलं तर उत्तर एका शब्दात संपतं. पेरू. तोही एकच.

माझा जन्म विजापूर वेशीजवळच्या एका बोळात झाला. बडेसाब नावाच्या कारागिराचं तिथं टपरीएवढं दुकान. अडकित्ते, कात्र्या, विळ्या असा सगळा माल तो करायचा. माझं पातं भंगारात निघालेल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं. दुधनीच्या बाजारातली तुरीची पोती वाहून वाहून तो पाटा एके दिवशी मोडला आणि बडेसाबच्या भट्टीत आला. मूठ म्हशीच्या शिंगाची, दोन्ही टोकांना पितळ. खानदान वगैरे म्हणतात तसलं माझ्यामागं काही नाही. हे स्पष्ट सांगायचं कारण, पुढं या बाबतीत फार घोळ झाला आहे.

त्या वर्षी जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला गड्डा, म्हणजे यात्रेचा बाजार, भरला तेव्हा बडेसाबनं होम मैदानावर पोतं अंथरलं आणि आम्हाला मांडून ठेवलं. एका बाजूला भजीचा गाडा, दुसऱ्या बाजूला मौत का कुआँ. त्या गोंगाटात एक चष्मेवाले गृहस्थ माझ्यापुढं उकिडवे बसले. नाव चिंतामणी, एका हायस्कुलात हेडक्लार्क. सोबत पाचवीतला मुलगा अनिमेष, त्याच्या हातात गुलाबी बुढ्ढी के बाल.

"हा जुना आहे का?" चिंतामणीनं मला उचलून विचारलं.

माझ्या मुठीचं पॉलिश अजून बडेसाबच्या बोटांना लागलेलं होतं. पण धंदा करणारा माणूस गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतली हौस ओळखतोच.

"जुना म्हंजे? निजामाच्या जमान्याचा हाय साहेब. घ्या की. असली चीज पुन्ना घावायची न्हाय."

झालं. ट्रकच्या पाट्याचा एका वाक्यात निजाम झाला. चिंतामणीनं मला खाली ठेवून पैसे दिले, बडेसाबनं मला पुसायला उचललं. चिंतामणीनं हात पुढं केला, तर बडेसाबनं मला त्याच्या हातात न देता पोत्यावर ठेवलं. "हातात देत न्हाय साहेब. चाकू हातात दिला की भांडण लागतंय." माणसांचं हे बरं असतं. भांडायची खुमखुमी यांना, आणि बोल मात्र आम्हाला.

मग बापलेक देवळाच्या तळ्याकाठच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. चिंतामणीनं वाटेत एक पिकत आलेला पेरू घेतला होता. त्यानं मला उघडून अनिमेषच्या मुठीत दिलं आणि वरून स्वतःचा हात धरला. "अंगठा मागं ठेव. दाबू नको, ओढ." मी त्या पेरूत शिरलो तेव्हाचा तो करकर आवाज मला आजही आठवतो. चार फोडी झाल्या. पोरानं तिखटमीठ लावून खाल्ल्या, बापाला भरवल्या, आणि बोटं चड्डीला पुसली. माझ्या पात्यावर रसाचा करडा डाग उमटला. साध्या पोलादावर उमटतोच. मला तो आवडला होता. कामाच्या माणसाच्या हाताला घट्टे असतात, तसं वाटलं.

तो दिवस सोडला तर माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं सुख नाही. आता दुःख सांगतो.

चिंतामणीच्या शाळेत सिद्धलिंगप्पा नावाचे चित्रकलेचे मास्तर होते. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद. चिंतामणीनं मोठ्या कौतुकानं मला त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी भिंग लावून मला उलटंपालटं केलं आणि मान हलवली.

"ह्याच्यानं पेरू कापला तुम्ही? काय हो हे क्लार्कसाहेब. असली वस्तू वापरायची नसते, जपायची असते."

हे वाक्य चिंतामणीच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं. त्याच संध्याकाळी त्यानं मला घासून घासून लख्ख केलं. पेरूचा डाग गेला. तेल लावलं, मऊ कापडात गुंडाळलं. एवढ्यात अनिमेष शाळेतून पेरू घेऊन पळत आला आणि त्यानं मला उघडायला नख लावलं. चिंतामणीनं मला त्याच्या हातातून हिसकावून घेतलं.

"राहू दे. डाग पडेल."

पोरगं पेरू हातात धरून उभं राहिलं. मग त्यानं तो तसाच दातानं खाल्ला आणि पुन्हा कधी मला मागितलं नाही. चिंतामणीच्या हे लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. पण आमचं कोण ऐकतंय?

त्यानंतर या माणसाला संग्रहाची जी भूक लागली तिला तोड नाही. एक लाल स्विस चाकू आला, त्याच्या पोटात कात्री, बूच काढायचा स्क्रू आणि दातकोरणंसुद्धा. एक रामपुरी आला, तो उघडताना असा खटकन वाजला की लीलानं, म्हणजे चिंतामणीच्या बायकोनं, दाराला कडी घातली. एक फ्रेंच आला लाकडी मुठीचा. एक जपानी आला, त्याचं नाव आजवर घरात कुणाला धड घेता आलेलं नाही. हॉलमध्ये काचेचं कपाट बसलं, आत छोटे दिवे लागले. मला मधल्या फळीवर मखमलीची गादी मिळाली. नाकापेक्षा मोती जड. खाली पाटी लावली: संग्रहातील पहिला, निजामकालीन. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती वाचून दाखवायचा आणि मी लाजेनं मुठीत जायचा प्रयत्न करायचो.

बरं, एवढे चाकू घरात, तर कापायला कोण? लीलाची विळी. रोज सकाळी ती मेथी चिरायची, कांदा चिरायची, नारळ खवायची, आणि आम्ही काचेआडून बघत बसायचो. हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. लीलाही चिडायची.

"घरात एवढे चाकू आणि मी दुधाची पिशवी दातानं फाडते," ती म्हणायची. "एक द्या की स्वैपाकघरात."

"अगं, ते तसले नाहीत."

"मग कसले आहेत? चाकूच आहेत ना?"

यावर चिंतामणी आम्हाला तेल लावायला बसायचा. पुस्तकातल्या पदार्थांनी पोट भरत नाही म्हणतात, आणि नुसत्या तेलानं चाकूचं भरत नाही, हे या शिकलेल्या माणसाला कळू नये?

अनिमेष मोठा झाला, पुण्याला नोकरीला लागला. सणावाराला यायचा, हॉलमध्ये बसायचा, पण कपाटाकडं पाठ करून. मग त्याचं लग्न ठरलं. मुलगी अकलूजची, निवेदिता. घरात धांदल सुरू झाली, आणि एके दिवशी चिंतामणीच्या फोनवर अनिमेषचा आवाज मी ऐकला.

"बाबा, हळदीला मला चाकू लागेल. तो पहिला द्याल का?"

इकडच्या लग्नांत हळद लागली की नवरदेवाच्या हातात चाकू देतात. त्याच्या टोकाला लिंबू टोचलेलं असतं. अक्षता पडेपर्यंत त्यानं तो हातातून सोडायचा नाही, दृष्ट लागत नाही म्हणतात. म्हणजे पोरानं इतक्या वर्षांनी बापाकडं एकच गोष्ट मागितली, आणि ती मी होतो. मला काय वाटलं म्हणून सांगू. कमान नुसती शिवशिवली.

आणि हा माणूस काय म्हणाला? "बघू की."

कारण लिंबू. पेरूच्या रसानं करडा डाग पडतो, लिंबानं तर पोलाद काळंच पडतं. चिंतामणीची झोप उडाली. आधी त्यानं भाड्यानं एक कट्यार आणली, लाल मखमल आणि खोटे खडे लावलेली. लग्नासाठी घरी आलेल्या अनिमेषनं ती बघितली आणि बाजूला ठेवली. मग चिंतामणीनं जे केलं ते सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. हॉलमधल्या टीपॉयवर शोभेच्या फळांची परडी होती. त्यातलं प्लास्टिकचं लिंबू त्यानं उचललं. दाभण गॅसवर तापवून त्याला भोक पाडलं, माझं टोक घासलं जाऊ नये म्हणून भोकात कापूस भरला, आणि ते माझ्या टोकावर चढवलं. वर समाधानानं लीलाला दाखवलं.

"लांबून कळतसुद्धा नाही."

लीलानं नुसतं त्याच्याकडं बघितलं. त्या बघण्यानं माझं तेल वाळलं, पण चिंतामणी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

हळदीचा दिवस उजाडला. घरापुढं मांडव, पाटावर अनिमेष, हातात मी, माझ्या टोकावर ते पिवळं ढोंग. चिंतामणीची थोरली बहीण मायाक्का दुधनीहून आली होती. नवरदेवाची आत्या, पहिली हळद तिचीच. तिनं वाटीत बोटं बुडवली, वाकली, आणि थांबली. नाकानं दोनदा हुंगलं. मग अंगठ्यानं ते लिंबू दाबलं. ते आत गेलं आणि टपकन पुन्हा बाहेर आलं.

"चिंतू, हे लिंबू हाय व्हय?"

मांडवात हसू पसरलं. कुणीतरी मोबाइल काढला. लीला मान खाली घालून उभी राहिली. एकुलत्या एका पोराच्या हळदीत पाहुण्यांनी दात काढावेत, यापेक्षा दुसरं काय वाईट.

"अक्का, ते कसं आहे, लिंबाच्या रसानं पात्याला..." चिंतामणी बोलू लागला.

"पात्याला काय हुतंय ते मला नगं सांगू. खोट्या लिंबाला दृष्ट भ्येती व्हय रं? मी न्हाय लावायची हळद."

अनिमेष हसला नाही आणि चिडलाही नाही. त्यानं ते प्लास्टिकचं लिंबू माझ्या टोकावरून काढलं, मला मिटलं, आणि पाटाच्या कडेला बापाच्या पायाशी ठेवलं.

"राहू दे बाबा. डाग पडेल."

तेच शब्द. मला वाटलं, आता तरी या माणसाला ऐकू येईल. आणि आलं. चिंतामणीचा चेहरा असा झाला जसा काही त्याच्या हातातून कुणी काही हिसकावून घेतलंय. तो मला घेऊन सरळ स्वैपाकघरात गेला. लीलाच्या टोपलीतलं सगळ्यात रसरशीत लिंबू त्यानं घेतलं, मला उघडलं, आणि क्षणभर थांबला. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अरे टोच, टोच एकदाचं. त्यानं टोचलं. पार पात्याच्या मध्यापर्यंत. रस मुठीवर, त्याच्या मनगटावर, नव्या झब्ब्याच्या बाहीवर उतरला, आणि तो बघत राहिला.

मांडवात परत येऊन त्यानं मला पुढं केलं. मायाक्का लगेच म्हणाली, "हातात दिऊ नगं, खाली ठेव. भांडण हुतंय."

"व्हायचं ते होऊन गेलंय आत्या," अनिमेष म्हणाला आणि त्यानं मला बापाच्या हातातूनच घेतलं. चिंतामणीनं लगेच सोडलं नाही. त्यानं पोराच्या मुठीवर आपला हात धरला आणि म्हणाला, "अंगठा मागं ठेव." एवढंच. अनिमेषनं मान खाली घातली. मायाक्कानं दोघांच्याही गालांना हळद फासली आणि लीलानं पदरानं डोळे पुसले.

अक्षता पडेपर्यंत अनिमेषनं मला सोडलं नाही. जेवताना डाव्या हातात, झोपताना उशाशी. लिंबू सुकलं, मी काळानिळा पडलो. लग्न पार पडलं, मुलं पुण्याला गेली. जाताना अनिमेषनं मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि चिंतामणीला म्हणाला, "तुमचा पहिला."

दुसऱ्या दिवशी चिंतामणी पॉलिशची डबी आणि कापड घेऊन बसला. मी डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. मग डबीचं झाकण लागल्याचा आवाज आला. त्याच्या संग्राहक मित्रांपैकी एकानं फोनवर डाग काढायचा नामी उपाय सांगितला, तेव्हाही तो "नको" म्हणाला. निजामाची पाटी त्यानं काढून टाकली. नवी लावली: अनिमेषच्या हळदीतला.

आता तुम्ही म्हणाल, झालं की गोड. कुठलं? पुन्हा त्याच मखमलीवर आहे मी, त्याच काचेआड. पाहुणा आला की चिंतामणी दिवा लावतो आणि माझा तो काळा डाग बोटानं लांबूनच दाखवतो. परवा कुणीतरी मला उचलायला गेलं तर हा धावलाच.

"हात लावू नका. पोराच्या लग्नाचा डाग आहे तो. जाईल."

अहो चिंतामणराव, जाऊन जाऊन तो कुठं जाणार आहे? तुम्हीच पुसला नाहीत, तर तो राहिलाच की. अजून दहा डाग पडू द्या, त्यांत तो हरवायचा नाही. हे ऐकणाऱ्यांपैकी कुणी त्यांच्या ओळखीचं असेल तर एवढा निरोप पोचवा. येत्या रविवारी मुलं पुण्याहून येणार आहेत. लीलानं बाजारातून पेरू आणून परडीत ठेवलेत, खरे, पिकत आलेले, त्यांचा वास मला काचेतून येतोय. कपाटाला कुलूप नाही, नुसती खिट्टी आहे.