नवी माहिती

शिरीषने पत्रातले 'रोज पाच तास' हे शब्द पुसले आणि त्या जागी 'क्वचितच' असं टाइप केलं. मग खुर्ची जरा मागे सरकवून, भिंतीवरची तसबीर सरळ लागली आहे का हे पाहावं तसं त्याने वाक्याकडे पाहिलं. 'आमची मुलगी घरी क्वचितच अभ्यास करते.' वाक्य सरळ होतं. मुलगी मात्र दुसऱ्याच कोणाची तरी वाटत होती.

"काय लिहिलंस?" सुचेताने ओट्यापाशी कोथिंबीर चिरता चिरता विचारलं.

"जे लिहायला हवं होतं ते."

"म्हणजे खोटं."

"खरं लिहून बघितलं की एकदा. त्याचं काय झालं ते तुझ्यासमोर आहे."

सुचेताने सुरी खाली ठेवली नाही, पण चिरायची थांबली. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. नवरा कुठल्या वेळी बोलून सुधारेल आणि कुठल्या वेळी नाही, याचा तिचा अंदाज सहसा चुकत नसे. ती पुन्हा कोथिंबिरीकडे वळली.

झालं होतं ते असं. त्यांची चैत्राली पंधरा वर्षांची. कापेल आन डेन आयसेल या डच गावातल्या सरकारी शाळेत, व्हीडब्ल्यूओच्या तिसऱ्या वर्षाला. व्हीडब्ल्यूओचा सहा वर्षांचा रस्ता थेट विद्यापीठाच्या दारात नेऊन सोडतो. शेजारून हावोचा पाच वर्षांचा रस्ता जातो. त्याच्या टोकालाही कॉलेज आहे, नोकऱ्या आहेत, त्या रस्त्याने गेलेली माणसं घरं घेतात, लग्नं करतात, सुखाने जगतात. पण गणपतीला मंडळात आरती झाली, प्रसादाचा द्रोण हातात आला की कोणीतरी हमखास विचारतं, "तुमची कुठे आहे हो?" आणि तेव्हा 'हावो' म्हणणाऱ्याचा आवाज आपोआप उतरतो. शिरीषने आजवर असे चार-पाच आवाज उतरताना ऐकले होते. त्या प्रत्येकाचं त्याने तोंडभरून सांत्वनही केलं होतं.

इथे गुण दहापैकी. एखाद्या विषयात सहाच्या खाली गेलं की एक तूट. चार तुटींपर्यंत वरच्या वर्गाचं दार उघडं, सहा झाल्या की बंद. चैत्रालीच्या पाच होत्या. पाच म्हणजे दार नुसतं लोटलेलं. अशा मुलांसाठी शिक्षकांची बैठक बसते, एकेका नावावर चर्चा होते आणि शेवटी हात वर होतात. बैठकीआधी पालकांना वाटलं तर दोन शब्द लिहून देता येतात.

शिरीषने दोन पानं दिली. मुलगी रोज पाच तास अभ्यास करते, रविवारसुद्धा सोडत नाही. आठवड्यातून तीन शिकवण्या आहेत. शाळेच्या संगीतनाटकात दुसऱ्या वर्षी तिला चांगली भूमिका होती, यंदा मिळालेली आम्ही तिला घेऊ दिली नाही. ती आठशे मीटर पळायची, मंगळवार-गुरुवारचा तो सरावही बंद केला. वाढदिवसांना जाणं नाही, सहल नाही. आणखी काय करायचं राहिलं असेल तर कृपया सांगावं, आम्ही तेही करू. पत्र वाचून सुचेताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतकं सगळं पोरीने सोडलं, आता त्यांना नाही कसं म्हणता येईल?

त्यांनी नाही म्हटलं. वर्गशिक्षिका मरीकेचा फोन आला तेव्हा ती फार मऊ आवाजात बोलत होती, आणि ते ऐकूनच शिरीष काय ते समजला. पुढच्या वर्षी हावो. "तुमचं पत्र आम्ही सगळ्यांनी वाचलं," ती म्हणाली, "निर्णयाला त्याची फार मदत झाली. इतकं सगळं करून ती जेमतेम इथवर पोचते. पुढची तीन वर्षं याहून अवघड आहेत. तेव्हा लागेल ते ती आणणार कुठून?"

त्याच संध्याकाळी समोरच्या ब्लॉकमधली नीरजा शिऱ्याचा डबा घेऊन आली. तिचा ईशान चैत्रालीच्याच वर्गात.

"अगं, आमच्या दिवट्याच्यासुद्धा पाचच तुटी!" ती दारातूनच म्हणाली. "मी तर लिहून टाकलं होतं, बाबांनो, हा पुस्तकाला शिवत नाही. शुक्रवारी दप्तर जिथे फेकतो तिथूनच सोमवारी उचलतो. आम्ही हात टेकले, आता तुम्हीच बघा. तर म्हणे, याच्यात अजून पुष्कळ शिल्लक आहे, एक संधी देऊन बघू."

"शिल्लक," सुचेता म्हणाली.

"मग काय! वापरलंच नाही तर शिल्लक राहणारच की!" नीरजा खळखळून हसली, आणि मग सुचेताचा चेहरा पाहून मध्येच थांबली. "चैत्रालीचं काय गं?"

शिरा चांगला झाला होता. तो कोणी खाल्ला नाही.

शिरीष ब्रेडा शहरातल्या एका कंपनीत माल पाठवण्याचं नियोजन करायचा. कुठली गाडी किती भरली, कुठल्या गोदामात किती जागा, हे सांगण्याचा पगार त्याला मिळत होता. काठोकाठ भरलेलं गोदाम तो कधी निवडत नसे. मागच्याच आठवड्यात त्याने एक उत्तम गोदाम नाकारलं होतं. स्वच्छ, शिस्तीचं, एक तास वाया न घालवणारं. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'वाढीला वाव नाही.' दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते कागद पुन्हा समोर आले, तेव्हा तो बराच वेळ त्या तीन शब्दांकडे बघत बसला. गोदामवाल्यांनीही बिचाऱ्यांनी आपण किती राबतो हेच दोन पानं भरून लिहिलं होतं.

शाळेच्या नियमावलीत फेरविचाराची सोय होती. अट एकच, बैठकीला ठाऊक नव्हती अशी नवी माहिती हवी. शिरीषने ते कलम तीनदा वाचलं. नवी माहिती म्हणावी असं त्याच्याकडे काहीही नव्हतं. जुनी तेवढी फिरवता येण्यासारखी होती.

"चैतू," नवं पत्र संपवून त्याने जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "जरा डच बघून दे गं."

चैत्राली खाली आली. पहिल्या पत्राचं डचही तिनेच नीट केलं होतं, तेव्हा एक शब्द न बोलता. आता तिने उभ्याउभ्याच वाचलं, वाकून दोन क्रियापदं दुरुस्त केली, एक स्वल्पविराम काढून टाकला. घरात मराठी बोललेलं तिला सगळं कळे, उत्तर मात्र डचमध्येच येई.

"हे फोनचं काय?" तिने विचारलं. "'रोज तिच्याकडून फोन काढून घ्यावा लागतो.' फोन तर मीच कपाटावर ठेवते."

"माहीत आहे मला. ते तुझ्याबद्दल नाहीये."

"मग कोणाबद्दल आहे?"

शिरीषने चष्मा काढून पुसला. "हे बघ. तू आळशी आहेस असं वाटलं तर ते तुला वर घेतील. मेहनती आहेस म्हणून खाली ढकलतायत. हा त्यांचा हिशोब आहे, माझा नाही. पहिलं पत्र आम्ही मुलीच्या कौतुकापोटी फुगवून लिहिलं, असं म्हणायचं. उद्या तुलाही विचारतील, खरं आहे का म्हणून. फक्त हो म्हण. एक शब्द, बास."

"आणि पुढची तीन वर्षं?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. अजून एक शिकवणी लावू."

"चैतू, जेवायला बस," सुचेता म्हणाली. "आमटी निवतेय."

चैत्राली बसली. जेवताना तिने एकदाच मान वर केली आणि आईकडे पाहिलं. सुचेताने तिच्या पानात न मागता भात वाढला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता बापलेक शाळेत गेले. सुचेताला सुट्टी मिळाली नाही, असं ती म्हणाली होती. वर्षअखेरीचा आठवडा होता. मुलं पुस्तकं प्लास्टिकच्या पेट्यांत परत करत होती, लॉकरची दारं उघडी पडली होती. सभागृहाबाहेर संगीतनाटकाचे फोटो लावले होते. चैत्रालीची भूमिका ज्या मुलीला मिळाली तिने मोठी पांढरी टोपी घातली होती. शिरीष पुढे बघून चालला. चैत्राली थांबली, टोपी नीट बघून घेतली आणि मग बाबांना गाठायला भरभर आली. किती झटकन गाठलं तिने, हे शिरीषच्या ध्यानात आलं. पोरीचे पाय अजून पळणारीचे होते.

खोलीत दोघं होते. मरीके, आणि वरच्या वर्गांचे प्रमुख हूक्स्ट्रा. साठीकडे झुकलेला, उंच, थकलेला माणूस. सबंध दिवसभर त्याने असेच आईबाप ऐकले असावेत. टेबलावर चौघांसाठी कॉफी होती आणि बिस्किटांचा एक डबा. शिरीषने बिस्कीट घेतलं नाही. मागायला आलेल्याने खाऊ नये, असं त्याला उगाच वाटलं.

हूक्स्ट्राने पत्र मोठ्याने वाचलं. क्वचितच अभ्यास करते. फोन काढून घ्यावा लागतो. शिकवणीला पाठवतो, पण तिथेही तिचं लक्ष नसतं. पहिल्या पत्रात आम्ही पालकांनी तिची बाजू वाजवीपेक्षा चांगली मांडली, त्याबद्दल दिलगीर आहोत. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते सगळं शिरीषला पटण्याजोगं वाटलं. चांगलं लिहिलं होतं. डचही निर्दोष होतं.

मरीके चैत्रालीकडे बघत होती. वर्षभर तिने या मुलीला पहिल्या बाकावर पाहिलं होतं.

"याला नवी माहिती म्हणता येईल," हूक्स्ट्रा सावकाश म्हणाला. "असं असेल तर चित्र बदलतं. क्षमता आहे, वापरलेली नाही. अशा मुलांना आम्ही एक वर्ष देतो." तो चैत्रालीकडे वळला. "पण इथे आम्ही मुलांनाही विचारतो. तुझे वडील लिहितात ते खरं आहे?"

चैत्रालीने दोन्ही हात मांडीखाली घातले होते. शिरीषने तिच्याकडे पाहून अगदी किंचित मान हलवली.

"नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"गणित आठवड्याला दहा तास," ती डचमध्ये म्हणाली. पाढे म्हणावेत तसा तिचा आवाज सपाट होता. "भौतिकशास्त्र आठ. रसायन सात. फ्रेंच सहा, जर्मन चार. इतिहास तीन, तो सकाळी, घरातले उठायच्या आधी. शिकवण्या यात धरलेल्या नाहीत."

मरीकेने कपाकडे नेलेला हात मागे घेतला.

"चैतू, काय करतेयस तू?" शिरीष मराठीत म्हणाला. आवाज खाली ठेवायचा प्रयत्न केला तरी तो फाटला. "एक शब्द सांगितला होता ना तुला?"

ती त्याच्याकडे वळली. किती वर्षांनी कोण जाणे, ती त्याच्याशी मराठीत बोलली. शब्द जरा आडवेतिडवे पडले, जिभेला सवय नव्हती.

"मी केलाय अभ्यास, बाबा."

बाहेर कोणीतरी पेटी ओढत नेत होतं. तो आवाज लांब गेला.

"तुला कळतंय ना," हूक्स्ट्रा म्हणाला, आणि आता त्याचाही आवाज परवाच्या मरीकेसारखा मऊ झाला होता, "हे खरं असेल तर आमच्यापुढे नवं काहीच उरत नाही. आधीचा निर्णय कायम राहतो. हावो."

"हो."

"तुला हावोला जायचं आहे?"

"नाही," चैत्राली म्हणाली. मग तिने विचारलं, "हे पत्र माझ्या फाइलमध्ये राहतं का?"

"राहतं. शाळा सोडेपर्यंत."

"मग मी बोलले तेही राहू दे. आकड्यांसकट."

हूक्स्ट्राने मरीकेकडे पाहिलं. मरीकेने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. तो दोन बोटांनी टाइप करायला लागला. एकदा फ्रेंचचे तास किती ते त्याने पुन्हा विचारलं, चैत्रालीने पुन्हा सांगितलं. कोपऱ्यातल्या प्रिंटरमधून एक पान बाहेर आलं. मुलगी सोळाच्या आतली, तेव्हा तिच्या निवेदनाखाली पालकाची सही लागते, असं सांगून त्याने ते पान आणि पेन शिरीषपुढे ठेवलं.

शिरीषने वाचलं. विषय एकाखाली एक लिहिले होते, समोर तास, तळाशी एकूण अडतीस. घरात तो पस्तीसच धरत आला होता. त्याने पेनाचं टोक एकेका आकड्यावर ठेवत वरून खाली बेरीज केली, आणि मग खालून वर. दोन्हीकडून अडतीसच आले.

त्याने सही केली.