पावलाचं माप

दोकसूने गुडघाभर पाण्यात उभं राहून पाठ वाकवली, आणि वाळूवर थांबलेला पाहुणा एका हाताने टोपी सांभाळत तिच्यावर चढला.

"हळू रे नावाड्या. भिजवशील मला."

"नाही भिजवत, मालक. मान धरा माझी."

पश्चिमेच्या काठाला सगळी वाळूच. नाव काठापर्यंत येतच नसे. चांगल्या कपड्यांतल्या माणसाला पाठीवरून नावेत आणायचं आणि पाठीवरूनच उतरवायचं, हे दोकसूच्या बापाच्याही आधीपासून चालत आलेलं. मार्च लागला होता, काठावरची आलुबुखाराची झाडं फुलली होती, पण सोमजिन नदीच्या पाण्यात डोंगरावरचं बर्फ अजून वितळून येत होतं.

नावेच्या तळाशी उकिडवी बसलेली त्याची बायको, ओकबुनची आई, भोपळ्याच्या तुंब्याने पाणी उपसत होती. नाव जुनी होती, सगळ्या फटींतून झिरपायची. पाणी उपसणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही, आणि तिला ते बरं वाटे. पाहुण्याचे पांढरेशुभ्र जाड कापडी मोजे तिच्या डोळ्यांसमोरून गेले तेव्हा तिने फक्त पाटी सरकवून जागा केली.

पाटी शिंपल्यांची होती. शिंपलेवाली म्हातारी आधीच येऊन बसली होती.

"बसा मालक, बसा," म्हातारी म्हणाली. "शिंपले चावत नाहीत."

पाहुणा हसला नाही. पन्नाशीचा, विरळ दाढीचा, घोड्याच्या केसांची उंच काळी टोपी हनुवटीखाली नीट बांधलेली. त्याने लांब दांड्याची चिलीम काढली, पेटवली नाही, नुसती हातात धरली. नाव प्रवाहात आली तशी तो म्हणाला,

"गामगोलला जायचंय. चो नावाच्या शेतकऱ्याकडे. खिंड ओलांडून किती लांब?"

तुंबा पाण्यात तसाच राहिला. गामगोलचा चो म्हणजे तिचा सख्खा भाऊ.

"दुपार व्हायच्या आत पोचाल, मालक," दोकसू म्हणाला. त्याने वल्ह्यावरची नजर काढली नाही.

"त्याच्या घरी एक भाची आहे म्हणे. सोलमेच्या युन घराण्यात तिचं ठरलंय." पाहुण्याने घसा खाकरला. "तिच्या बापाला ओळखतोस का तू?"

मुलीची चौकशी करायला निघालेला मुलाचा बाप आधी विहिरीवर विचारतो, मग गुत्त्यात विचारतो, आणि नदी मध्ये असली तर नावेत विचारतो. नावाड्याला सगळी घरं ठाऊक असतात, आणि नावाड्यासमोर बोलायला कोणाला संकोच वाटत नाही. ही रीत ओकबुनच्या आईला माहीत होती. इतक्या गोष्टी तिने जुळवल्या होत्या, आणि नेमकी हीच तिच्या ध्यानातून गेली होती.

जुळवलं सगळं तिनेच होतं. मध्यस्थ बाईला कोंबडी खिलवून तिने सांगितलं होतं, मुलीचा बाप नदीच्या वरच्या अंगाला लाकडाचा व्यापार करतो, घरी नसतो, म्हणून मुलगी मामाकडे वाढली. लग्न मामाच्या अंगणात होईल. भावाने हो म्हटलं. बहीण नावाड्याला दिली आहे हे त्यानेही गावात कधी तोंडातून काढलं नव्हतं. ओकबुनला दोन महिन्यांपूर्वीच गामगोलला पाठवलं होतं. ती तिथे रीतीप्रमाणे सासरच्या माणसांसाठी मोजे शिवत बसली होती. नवऱ्याच्या आजीचे झाले, सासूचे झाले. सासऱ्याच्या पावलाचं माप तेवढं अजून आलं नव्हतं. मध्यस्थ बाई दर खेपेला विसरत होती.

लग्नाच्या दिवशी दोकसूने घालायची टोपी तिने गुत्तेवाल्याकडून मागून आणली होती. पूर्वी ती फक्त वरच्या घराण्यांतली माणसं घालत; आता कायद्याने कोणीही घालू शके. पण दोकसूने घालून पाहिली तेव्हा दोघंही एकमेकांकडे बघू शकले नाहीत.

"ओळखतो, मालक," दोकसू म्हणाला.

"माणूस कसा आहे?"

वल्हं पाण्यात गेलं, बाहेर आलं. शिंपलेवालीने एकदा दोकसूकडे पाहिलं, एकदा त्याच्या बायकोकडे, आणि बाही तोंडाशी नेली. तिला सगळं माहीत होतं. शिंपले खरवडताना ओकबुनच्या आईनेच तिला सांगितलं होतं.

"मोठा माणूस नाही, मालक."

"पितो?"

"सणासुदीला."

"खोटं बोलणारा आहे का?"

"खोटं बोलायचं धैर्य नाही त्याच्यात. पण बायकोला नको म्हणायचंही धैर्य नाही."

म्हातारी फिसकन हसली. "असले नवरे नदीच्या दोन्ही काठांना मिळतात, मालक! आमचाही असाच होता. मेला तेव्हासुद्धा मला विचारून मेला."

पाहुण्याच्या दाढीत थोडंसं हसू हललं. ओकबुनच्या आईने मान आणखी खाली घातली. उपसायला पाणी उरलं नव्हतं तरी ती तुंबा फळ्यांवर घासत राहिली.

"आणि मुलगी?"

"मुलगी चांगली आहे." दोकसूचा आवाज एकदम मोठा झाला, लगेच त्याने तो खाली आणला. "बापावरून तिला जोखू नका, मालक. तिच्यात त्याचं काही नाही."

पूर्वेच्या काठाला दगडी धक्का होता. दोकसूने दोर खुंटाला बांधला, नेहमीची दुहेरी गाठ मारून. पाहुणा धक्क्यावर चढला आणि मागे न बघता खिंडीच्या वाटेला लागला. म्हातारी पाटी डोक्यावर घेत ओकबुनच्या आईच्या कानाशी वाकली.

"माझं तोंड शिवलेलं आहे, बाई. पण असल्या माणसाला पाठीवर घेतलंस तर तो उतरतो कुठे, हेही बघून ठेव."

त्या संध्याकाळी तिने पाणी तापवून नवऱ्यापुढे ठेवलं. त्याने पाय त्यात सोडले. घोट्यांच्या वर जिथपर्यंत पाणी लागतं तिथपर्यंत कातडी कायमची लाल झालेली होती.

"दोन चांगले शब्द बोलला असतात तर जीभ झडली असती का?" ती म्हणाली.

"स्वतःबद्दल?"

"त्याला काय ठाऊक होतं स्वतःबद्दल ते?"

"मला ठाऊक होतं ना."

कोपऱ्यात मडक्यांच्या उतरंडीवर टोपीची करंडी होती. तिला वाटलं, ती करंडी तिथून आपल्याकडे बघते आहे. उठून तिने करंडी भिंतीकडे फिरवली.

"त्या सुगीला तुम्ही ओकबुनला बरोबर नेलं होतं," ती पाठमोरीच म्हणाली. "आठवतंय?"

दोकसूने मान हलवली. गावातल्या माणसांकडून नावेचं भाडं घ्यायचं नसे. त्याऐवजी उन्हाळ्यात जव, शरदात तांदूळ. नावाड्याने पोतं घेऊन दारोदार जायचं आणि उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. ओकबुन आठ वर्षांची होती, पोत्याचं तोंड धरायला बरोबर गेली होती. एका अंगणातल्या तिच्याच वयाच्या पोराने घरात ओरडून सांगितलं, आई, तो दोकसू भीक मागायला आलाय, पोरगीपण आणलीय. ओकबुन रडली नाही. घरी येऊन तिने पोतं नावेच्या गाठीने बांधलं आणि पुन्हा कधी बरोबर गेली नाही. ती सगळंच त्या गाठीने बांधायची, बोचकं, सरपणाची मोळी, स्वतःच्या वेणीची फीतसुद्धा. बापाने शिकवलेली तेवढी एकच गोष्ट होती.

"म्हणून केलं मी," ती म्हणाली. "हौस म्हणून नाही."

"मी कुठे म्हटलं, हौस म्हणून केलंस?"

दुसऱ्या दिवशी पाहुणा परतला. धक्क्यावर येऊन त्याने हाक मारली नाही. नुसता खाकरला आणि उभा राहिला. ओकबुनच्या आईने झोपडीच्या दारातून पाहिलं. त्याच्या हातात निळ्या फडक्याचं बोचकं होतं. इतक्या लांबूनही तिला गाठ दिसली.

नावेत ते तिघंच. वारा होता. कचेरीने नावेच्या कडेला ठोकलेली नंबराची पत्र्याची पट्टी खडखडत होती. मधल्या प्रवाहात आल्यावर पाहुण्याने बोचकं मांडीवर घेतलं आणि गाठ सोडायला लागला. त्याने लांब टोक ओढलं. गाठ आणखी आवळली. नखाने उकरून पाहिलं.

"पोरीने वाटेत खायला म्हणून तांदळाच्या वड्या दिल्यात," तो जणू नदीला म्हणाला. "पण खाऊ देईल तर ना. कसली गाठ म्हणायची ही."

त्याने बोचकं समोर बसलेल्या बाईपुढे धरलं.

"बघा, तुम्हाला सुटते का."

तिने तुंबा खाली ठेवला, ओले हात परकराला पुसले. नाही सुटत म्हणायचं, असं तिने ठरवलं. इकडे तिकडे ओढल्यासारखं करायचं आणि परत द्यायचं. पण बोटं गाठीवर पोचली आणि मन मागे राहिलं. आखूड टोक अंगठ्याने आत दाबलं, आणि गाठ फुलासारखी उघडली.

पाहुण्याची नजर फडक्यावरून उठली आणि नावेच्या टोकाशी, दोराचं वेटोळं जिथे त्याच गाठीने बांधून ठेवलं होतं तिथे गेली. तिथून ती वल्ह्यावरच्या हातांवर आली. मग कालपासून पहिल्यांदाच त्याने दोकसूच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. दोकसू पाण्याकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते, लहान मुलाचे होतात तसे.

ओकबुनच्या आईला वाटलं, फळ्यांच्या फटी उघडाव्यात आणि नदीने तिला एकटीला आत घ्यावं.

पाहुण्याने वडी खाल्ली नाही. एक उचलून हातात धरली, परत ठेवली, फडकं गुंडाळलं.

वाळू लागली. दोकसू नेहमीप्रमाणे पाण्यात उतरला, नावेकडे पाठ करून वाकला आणि दोन्ही हात मागे नेऊन थांबला. वजन आलं नाही. तो तसाच वाकून राहिला. थोड्या वेळाने त्याने मान वळवली.

पाहुणा नावेच्या काठावर बसून मोजे काढत होता. एक निघाला, दुसरा निघाला. घोट्याशी बांधलेले विजारीचे बंद त्याने सोडले आणि विजार गुडघ्यापर्यंत वर घेतली. त्याच्या पोटऱ्या गोऱ्या आणि बारीक होत्या.

"मालक, पाणी बर्फासारखं आहे," दोकसू म्हणाला. "पाठीवर या. सवय नाही तुम्हाला."

पाहुणा पाण्यात उतरला. थंडीने त्याचा श्वास अडकला, टोपी कलली, आणि तोल जाताना त्याने दोकसूचा दंड धरला. तो त्याने सोडला नाही. दोघं शेजारी शेजारी वाळूकडे चालत गेले. पोचल्यावरही दोकसूची पाठ थोडी वाकलेलीच होती.

तिथे पाहुण्याने बोचकं काखेत मारलं, उघड्या ओल्या पावलांनीच गवती जोड्यांत पाय घातले.

"वारा आहे," तो म्हणाला. "परत जाताना जपून वल्हवा."

आणि तो निघाला. तो चढण चढेपर्यंत दोकसू हलला नाही.

ओकबुनच्या आईने वळून पाहिलं तर फळीवर मोजे होते. एकात एक घातलेले, नीट घडी करून, जिथे नावेत पाणी कधीच पोचत नाही अशा एकाच कोरड्या जागी ठेवलेले.

"मालक!" ती उभी राहून ओरडली. "मालक, मोजे राहिले!"

वर फुललेल्या झाडांमधल्या त्या पांढऱ्या अंगरख्याने मागे वळून पाहिलं नाही. चिलीम धरलेला हात तेवढा एकदा वर गेला.

येताना ती पाणी उपसायचं विसरली. नाव धक्क्याला लागली तेव्हा तिचा परकर भिजलेला होता आणि मोजे तिच्या छातीशी होते. घरात शिरल्यावर दोकसूने उतरंडीवरची करंडी उतरवली.

"टोपी परत देऊन येतो गुत्त्यावर," तो म्हणाला.

तिने मान हलवली. वर बघितलं नाही. चुलीच्या अंगाची जमीन उबदार होती. तिथे तिने जुना कागद पसरला, त्यावर उजव्या पायाचा मोजा ठेवून तळहाताने सपाट केला. टाचेपाशी एक बारीक रफू होतं. मग चुलीतला विझलेला कोळसा घेतला, आणि टाचेपासून कडेकडेने माप आखायला लागली.