बांधावरचा नळ

मी एक पितळी नळ बोलतोय. बोलायला उशीरच झाला; पण माझं तोंड उघडणं-मिटणं आजवर दुसऱ्यांच्याच हातात होतं.

एकाहत्तर साली कोल्हापुरात गणपतरावांनी बाबालालला दोन खोल्या भाड्यानं दिल्या, तेव्हा मला मोरीत बसवलं. बोली ठरली की भिंत आणि भिंतीतलं सगळं मालकाचं, बाहेरचं भाडेकरूचं. पाइप भिंतीत, मी बाहेर. दोघांनी चहा घेतला आणि माझी वाटणी झाली.

आठ वर्षांनी मी गळायला लागलो. गळावं तरी कुठं? मानेशी, जिथं मी पाइपात शिरतो तिथं, बरोबर दोघांच्या हद्दीच्या बांधावर. पाणी आलं की मातीच्या भिंतीत मुरत राहायचं.

बाबालाल स्वतः नळ दुरुस्त करणारा. अख्ख्या पेठेतले नळ त्याच्या पान्याखालून गेलेले, पण मला तो बोट लावेना. त्याची बायको जरीना म्हणायची, "अवं, ताग गुंडाळून आवळा की. पाच मिनिटांचं काम हाय."

"हाय, पर मालकाचं हाय. आज ह्याला हात लावला की उद्या कौलं बी आपल्यालाच शाकाराय लागतील."

गणपतराव दारातूनच बघायचे. "नळ तुझा, बाबालाल. आज म्या केला तर उद्या भिंतीला चुना मागशील."

माणसं वाईट नव्हती हो. ईदचा शीरखुर्मा तिकडं जायचा, दिवाळीचा फराळ इकडं यायचा. माझा विषय निघाला की मात्र दोघांच्या माना ताठ. ऐकून ऐकून मला वीट आला होता.

मग बाबालाल-जरीनाची लेक हाफिजा पहिल्या बाळंतपणाला आली. तिची खाट माझ्याच भिंतीला, पलीकडून लावली. ओल तिच्या उशाशी चढली. जरीना रोज तळहातानं भिंत चाचपायची. एका दुपारी घरात पुरुषमाणूस नसताना तिनं नवऱ्याचा पाना उचलला, ताग गुंडाळून वर सफेद्याचा लेप लावला आणि मला आवळलं. गळती थांबली.

संध्याकाळी बाबालाल मिशीत हसला, "मालक नमलं म्हणायचं." गणपतराव शेजारी आपल्या घरी सांगत होते, "आला की न्हाय ताळ्यावर?" जरीना गप्प राहिली. ती बोलली असती तर भिंतीकडं तरी कुणी बघितलं असतं, असं मला अजून वाटतं.

पाचव्या दिवशी, आधीच मुरलेल्या पाण्यानं, भिंत बसली. हाफिजा केस वाळवायला अंगणात गेली होती म्हणून वाचली. खाट मातीखाली गेली.

"भिंत तुमची, मालक."

"तुझ्या नळानं पाडली. उशिरानं दुरुस्त केलास."

"म्या कुठं केला? तुम्ही केला की."

जरीना पुढं आली. "म्या केलता. आता भिंतबी मीच बांधू व्हय?"

तिनं मला पाइपातून सोडवलं, लुगड्यात गुंडाळलं आणि लेकीला घेऊन मुरगूडला भावाकडं आली. इथं आडाचं पाणी आहे, म्हणून मी फडताळात पडून असतो. बरंच आहे. दमलोय मी.

घर देता-घेता बोली जरूर करा, बाबांनो. फक्त जिथं तुमचं संपतं आणि समोरच्याचं सुरू होतं, त्या चार बोटं जागेचं काय, तेही तेव्हाच विचारा.

भिंत म्हणे दोघांनी मिळून बांधली. आता मोरीत नवा नळ कुणी आणायचा, यावर काम अडलंय. हाफिजाची मुलगी दोन महिन्यांची झाली. जरीना अजून परत गेलेली नाही.