टिंबाने सुरू होणारी ओळ

सकाळी दहा चाळीसला तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात एक बाई वारली. तिच्या उशाखालच्या पिशवीत याच इस्पितळाच्या तपासणी केंद्राचं आठ महिन्यांपूर्वीचं पत्र होतं. ‘आपली रक्ततपासणी पूर्ण झाली आहे. पुढील नियमित तपासणी दोन वर्षांनी करावी.’

वॉर्डच्या डॉक्टरने ते पत्र तळमजल्यावर नेऊन पत्रवालीच्या टेबलावर ठेवलं.

पत्रवाली म्हणजे इस्पितळाची सगळी पत्रं तयार करणारी प्रोग्रामर. पत्रं अजून जुन्या मेनफ्रेम संगणकावरच निघत. मजकुराच्या साच्यात खुणा पेरलेल्या असत: इथे नाव, इथे परिच्छेद, इथे प्रयोगशाळेकडून आलेली ओळ. त्या खुणा वाचून यंत्र पत्र जुळवी.

“हिचं प्रमाण मर्यादेबाहेर होतं,” डॉक्टर म्हणाला. “प्रयोगशाळेत नोंद आहे. पत्रात का नाही?”

तिने प्रयोगशाळेची फाइल उघडली. ओळ होती: ‘.८ – मर्यादेपेक्षा जास्त. आठवड्याच्या आत डॉक्टरांना भेटा.’

तिने पडद्यावरच्या टिंबावर बोट ठेवलं.

“आधीचं शून्य कुठे गेलं?”

“कसलं शून्य?”

“पूर्वी टिंबाआधी शून्य यायचं. प्रयोगशाळेचं नवं उपकरण ते गाळतंय. आमच्या यंत्रात टिंबाने सुरू होणारी ओळ मजकूर नसते, हुकूम असतो. हुकूम कळला नाही तर यंत्र ती ओळ सोडून देतं आणि पुढचा मजकूर वर ओढून घेतं. रिकामी जागासुद्धा दिसत नाही.”

“आणि कुणाला सांगत नाही?”

“सांगायचं. इशारे छापायचं.”

“रोज ढीगभर कागद,” कोपऱ्यातून छपाईवाला म्हणाला. “बंद करा, असं मीच म्हटलं होतं.”

“म्हणालास तू. बंद मी केले.”

डॉक्टर खुर्चीत बसला. मर्यादा अर्ध्याची, म्हणजे ०.५ होती. ज्यांचं प्रमाण एकच्या वर होतं, त्यांची ओळ आकड्याने सुरू झाली आणि पत्रात नीट छापली गेली. ज्यांचं दुखणं नुकतं सुरू झालं होतं, ज्यांच्यावर इलाज चालला असता, नेमक्या त्यांच्याच ओळी यंत्राने गिळल्या होत्या.

तिने टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी वेगळ्या काढल्या. मर्यादेबाहेरची नावं पडद्यावर सरकू लागली. मधल्या एका नावाशी तिचा हात थांबला. थोरली जाऊ.

ते पत्र तिनेच घरी मोठ्याने वाचलं होतं. “निवांत राहा जाऊबाई, दोन वर्षं सुट्टी.” जाऊ म्हणाली होती, “सुटले बाई! नाहीतर घरच्यांना तुझ्या हातचं खावं लागलं असतं.” हल्ली ती दुपारीच आडवी होई. वय झालं, असं सगळे म्हणत.

तेवढ्यात प्रशासक खाली आला. “यादी या खोलीबाहेर जाता कामा नये. आधी वकिलांशी बोलू, मग ठरवू.”

“साहेब, माझी जाऊ आहे यात.”

“तिला बोलवा. गाजावाजा नको.”

“आणि बाकीच्यांनी काय करायचं?” छपाईवाला म्हणाला. “त्यांच्या जावा इथे कामाला नाहीत.”

“तू तुझं काम बघ.”

तिने फोन लावला.

“आत्ता? अगं, कपडे भिजत घातलेत.”

“राहू देत कपडे. टॅक्सी करा.”

“तुझं पत्र तर म्हणालं होतं...”

“पत्र चुकलं, जाऊबाई.”

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

“चुकलं म्हणजे?”

“या तुम्ही. मी फाटकाशी उभी राहते.”

जाऊ घरच्या चपलांवरच आली. पत्रवालीने तिला फाटकावरून थेट डॉक्टरकडे नेलं. तपासताना डॉक्टरचा हात तिच्या मानेखाली एका जागी थबकला.

“ही गाठ कधीपासून आहे?”

“झाले असतील पाच-सहा महिने. दुखत नाही.”

“बोलला का नाहीत?”

जाऊने पत्रवालीकडे पाहिलं. “घरातलंच माणूस सांगत होतं ना, सगळं ठीक आहे म्हणून.”

रक्त काढून होईपर्यंत पत्रवाली जाऊचा दुसरा हात धरून उभी होती. जाऊने हात सोडवून घेतला नाही. तिचा धरलाही नाही.

दुपारी तिने इशारे पुन्हा चालू केले, ओळ टिंबाने सुरू होऊ नये म्हणून साच्यात तिच्याआधी एक शब्द घातला आणि यादीतली सगळी पत्रं नव्याने काढली. छपाईवाल्याने न सांगता ती पाकिटांत भरली. प्रशासकाने गठ्ठा आपल्या कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली.

जाऊच्या रक्ताचा अहवाल गुरुवारी मिळेल, असं प्रयोगशाळेने कळवलं. संध्याकाळची टपालगाडी आली तेव्हा कपाट उघडलेलं नव्हतं.