गल्लीतले माग अर्धा तास थांबले

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी राजेश्वरी लंडनहून वडगावला आली, त्याला दोन आठवडे झाले होते. बारा वर्षं ती तिकडे नाटकांत आणि मालिकांत कामं करत होती. रंगमंचावर तिला बऱ्या भूमिका मिळत. पडद्यावर मात्र बहुतेक वेळा नर्स, नाहीतर दुकानात बसलेली बाई. तिच्या वडिलांनी, मारुतीरावांनी, गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगी तिकडे कंपनीत आहे. राजेश्वरीला ते ठाऊक होतं. तिने कधी विषय काढला नव्हता.

मंगळवारी सकाळी तिच्या एजंटचा निरोप आला. एका सिनेमात मोठी भूमिका होती. दोन पानांचा प्रसंग मोबाईलवर रेकॉर्ड करून संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. पण घरातच दोन यंत्रमाग होते, आणि गल्लीत दर दुसऱ्या दाराआड आणखी. खडखडाटात तिचं एकही वाक्य ऐकू येईना. आवाज अडवायला ती उशी आणि चादरी घेऊन स्वयंपाकघरात गेली, मग न्हाणीघरात. शेवटी पायरीवर येऊन बसली.

मारुतीरावांनी काय झालं ते विचारून घेतलं. आपले माग बंद केले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. पाऊण तासाने आले आणि म्हणाले, "एक वाजता समदे बंद करतात. अर्धा तास. तेवढ्यात उरक."

लोकांना काय सांगितलं, हे त्यांनी सांगितलं नाही. ते शेजारची नागुबाई सांगून गेली. मारुतीराव तिच्या दारात बराच वेळ नुसते उभे होते म्हणे. मग म्हणाले होते, "आमची राजी नट हाय. तिकडं नाटकात काम करती. आज तिची परीक्षा हाय." अकरा घरांत ते हेच बोलले होते.

प्रसंग एका आजारी आईचा आणि परत निघालेल्या मुलीचा होता. समोरून आईची वाक्यं वाचायला कुणीतरी हवं होतं. राजेश्वरीने ती इंग्रजी वाक्यं मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहून आईच्या, गुणाबाईंच्या, हातात दिली. गुणाबाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला आणि अर्थ विचारला नाही.

एक वाजता माग एकेक करत थांबले. रस्त्यावरच्या कुत्र्याचं खाजवणंसुद्धा ऐकू येऊ लागलं.

गुणाबाई वीजबिल वाचावं तशा सुरात वाचत गेल्या. पहिल्या खेपेला राजेश्वरीला हसू आलं. दुसऱ्या खेपेला आईने "व्हेन आर यू कमिंग बॅक?" हे कोरडेपणाने वाचलं, आणि राजेश्वरीला पुढचं वाक्य आठवत असूनही बोलता येईना. बऱ्याच वेळाने ती बोलली. तेच रेकॉर्डिंग तिने पाठवलं.

"माझं चुकलं व्हय गं?" आईने विचारलं.

"न्हाय आई. लई चांगलं वाचलंस."

मारुतीराव दाराबाहेर उभे होते. ते डोळे पुसत मागाकडे गेले.

ती भूमिका तिला मिळाली नाही. परत गेल्यावर महिन्याने तसं कळलं. पण ते रेकॉर्डिंग पाहून, त्या सिनेमासाठी नट निवडणाऱ्या बाईंनी तिला दुसऱ्या एका मालिकेसाठी बोलावलं. बस चालवणाऱ्या बाईची भूमिका, सहाच्या सहा भागांत. तिने घरी फोन लावून सांगितलं. आईकडून कळलं की मारुतीराव आता चहाच्या टपरीवरसुद्धा तिच्या नाटकांबद्दल बोलतात, आणि त्यातलं निम्मं त्यांच्या मनचंच असतं.

मग मारुतीरावांनी फोन घेतला.

"ह्यात रडायचं हाय काय तुला?"

"न्हाय आप्पा. बस चालवायची हाय."

"मग बरं," ते म्हणाले. "मला बघता येईल."