अर्धी गोळी

"काका, रक्त पुन्हा घट्ट झालंय. गोळी चुकवता का?" डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, जातीचा कारागीर मी. सुतारकामात माप चुकवलं नाही, ते गोळीत चुकवीन? हिला विचारा."

काकूंनी मान हलवली. रक्त पातळ ठेवायची ती गोळी त्या रोज समोर उभं राहून गिळायला लावत. काकांच्या काळजात धातूची झडप बसवलेली. घर शांत झालं की तिची टिकटिक ऐकू येई आणि त्या आवाजावर काकूंचा डोळा लागे.

"झडपेवर गुठळी धरली तर जिवाशी गाठ आहे. पालेभाजी एकदम वाढवलीत?"

"छे! ठरल्याप्रमाणे, रोज सारखीच."

"मग काढा, ताकदीचं औषध, काही?"

"नाही हो," म्हणता म्हणता काकूंची जीभ अडखळली.

त्यांचा संसार सुरू झाला तेव्हा घरात पेला एकच होता. तिथपासूनची सवय: केळं असो, दुःख असो, निम्मं निम्मं. देवानं दिलेलं वाटून घेतलं की पुरून उरतं, ही दोघांची श्रद्धा. मध्यंतरी काकूंच्या ठिसूळ हाडांसाठी के जीवनसत्त्वाची गोळी आली, रोज एक. गोळीवर मधोमध रेघ पाहून काकूंनी ब्लेड घेतलं.

"हे काय?" काकांनी विचारलं होतं.

"हाडांचं. तुमचेही गुडघे वाजतात."

"वाजू दे की! झडपेला साथ होते."

पण काकांनी गिळली. आठवेल त्या दिवशी अर्धी त्यांना, अर्धी काकूंना.

"मी दिली," काकू आता पुटपुटल्या.

"खोटं बोलते. मीच मागितली," काका तडक म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "दोष हवा तर निम्मा निम्मा घ्या, गोळी नको. पालेभाजीतही असतं ते हे के जीवनसत्त्व, रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या बरोबर उलट ओढतं. त्यात ही गोळी आज आहे, उद्या नाही. मी डोस बसवू कशावर?"

"मग यांना किती? पाव?" काकूंनी भीत भीत विचारलं.

"यांना मला विचारल्याशिवाय कणसुद्धा नाही. आणि तुम्हाला पूर्ण. अर्ध्यावर तुमची हाडं उपाशी राहिली, काकू! पुढच्या आठवड्यात रक्त पुन्हा तपासू. मध्येच धाप लागली, तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला, तर थेट इस्पितळ गाठा."

घरी आल्यावर काकूंनी गोळी तळहातावर घेतली. दुसरा हात सवयीनं ब्लेडकडे गेला. ते जागेवर नव्हतं. काकांनी ते हत्यारांच्या पेटीत टाकून कुलूप लावलं होतं. ते पाण्याचा पेला घेऊन समोर उभे राहिले.

"गीळ. सगळी."

"घशाखाली उतरत नाही हो. एकटीनं खाल्ल्यासारखं वाटतं."

"उतरेल. मी बघतोय."

काकूंनी गोळी गिळली. पाणी मात्र अर्धंच प्यायल्या आणि पेला पुढे केला. उरलेलं काका प्यायले.

मग दोघं खिडकीशी बसली. टिकटिक चालू होती. आज काकूंचा डोळा लागला नाही. देवाचं नाव ऐकावं तशा त्या कान देऊन ऐकत राहिल्या.