तिसऱ्या पायरीवरची चूक

संजीवनी मॅडमनी दोन उत्तरपत्रिका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा शलाकाने आधी आपल्या मुलीचं अक्षर शोधलं. डावीकडची जिज्ञासाची. उजवीकडची अस्मिताची, जिज्ञासाच्याच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीची. आठवीची घटक चाचणी, प्रश्न पाचवा: ५ − ३x = १७. दोघींनी चार-चार पायऱ्या लिहिल्या होत्या आणि दोघींचं उत्तर आलं होतं चार.

"उत्तर वजा चार आहे," मॅडम म्हणाल्या. "अख्ख्या वर्गात अधिक चार फक्त या दोघींचं. चूकही एकाच पायरीवर, तिसऱ्या. कोणी कोणाचं बघितलं, तुम्हाला काय वाटतं?"

सोनिवलीच्या घरून निघून शेअर रिक्षात बसल्यापासून शलाका एकच घोकत होती. डब्याच्या सुट्टीत बोलावलंय म्हणजे काहीतरी झालंय. आता मात्र तिची जीभ भलतीच सैल सुटली.

"जिज्ञासा कोणाचं कशाला बघेल मॅडम? मी रोज समोर बसवून घेते तिचं गणित. मी बी.कॉम. आहे." आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, "अस्मिताची आई लांब कॅम्प तीनला जीन्सच्या कारखान्यात जाते, सकाळी गेलेली सातला येते. घरी बघणारं कोणी नाही हो बिचारीला."

ते 'बिचारीला' तिने आपण चांगलं दिसावं म्हणून जोडलं होतं. मॅडमनी मान हलवली. अस्मिताच्या पेपरवर शून्य पडलं. सुट्टी संपल्यावर तिला शेवटच्या बाकावर बसवलं, डायरीत शेरा लिहिला. जिज्ञासाचे फक्त त्या प्रश्नाचे गुण गेले. शलाका सुटल्यासारखी घरी आली.

संध्याकाळी तिने जिज्ञासाला ओट्यासमोर बसवलं. "सोडव पुन्हा. मोठ्याने, एकेक पायरी."

जिज्ञासाचं तोंड उतरलेलंच होतं. "पाच पलीकडे नेले. अधिकचे वजा झाले. सतरा वजा पाच, बारा."

"बरोबर."

"मग वजा तीन पलीकडे नेले. वजाचे अधिक झाले. बारा भागिले तीन, चार."

"अगं, असं कसं? पाच सुटे होते. वजा तीन तर x ला गुणलेले आहेत. तिथे चिन्ह नाही बदलायचं, दोन्ही बाजूंना वजा तीननेच भागायचं. कोणी शिकवलं तुला हे?"

"तू."

"मी?"

"तू पोळ्या करत होतीस. मी विचारलं, गुणाकार असला तरी बदलायचं? तू म्हणालीस, पलीकडे गेलं की सगळ्यालाच बदलतं गं, डोकं नको खाऊस. मी चौकट करून लिहिलंय."

तिने वही उघडली. हिरव्या स्केचपेनाची चौकट. त्याखाली तीन गणितं, तिन्ही चुकलेली, आणि तिन्हींवर बरोबरची खूण. खूण शलाकाच्याच हातची.

"आणि अस्मिताचं?"

"तिला जमत नव्हतं, म्हणून मी शिकवलं. म्हटलं, माझी मम्मी सांगते असं. तिने नाही बघितलं माझं. उलट पेपरला मधे कंपासपेटी उभी केली होती तिने. मी सांगितलं मॅडमना." जिज्ञासाचा आवाज फुटला. "मॅडम म्हणाल्या, तुझी मम्मी तर वेगळंच सांगून गेली."

शलाकाने गॅस बंद केला. एका चाचणीचं काय एवढं, असं तिने मनाशी म्हणून बघितलं. आठवीचे गुण पुढे कोण विचारतं? मॅडमना फोन करून हळूच सांगता येईल, अस्मिताच्या घरी कळायचीही गरज नाही. हे सगळं आपल्याला इतकं भराभर सुचतंय, याचीच तिला लाज वाटली. चपला घालून ती शेजारच्या विंगमध्ये गेली.

दार संध्याने, अस्मिताच्या आईने उघडलं. नुकतीच कामावरून आलेली, ओढणीला निळे धागे चिकटलेले. हातात शाळेची डायरी.

"या ना जिज्ञासाच्या मम्मी. चहा टाकते."

"नको." शलाकाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ते 'घरी बघणारं कोणी नाही'सुद्धा.

संध्याने डायरी उघडून पुढे धरली. "पालकांनी घरी लक्ष द्यावं, असं लिहिलंय. म्हटलं, मॅडमना कोण बोललं असेल." मग आतल्या खोलीकडे मान वळवली. "आत्ताच दोन लगावल्या हो तिला. खरं बोल, खरं बोल म्हणत होते. खरंच बोलत होती पोरगी."

"संध्याताई, माझी चूक..."

"मला नका सांगू. जिथून तिला उठवलं ना, तिथे सांगा. सगळ्या पोरांसमोर."

दुसऱ्या दिवशी संजीवनी मॅडम म्हणाल्या, "वर्गात कशाला? मी गुण वाढवून टाकते." शलाकाने हट्ट धरला. वर्गात जाऊन तिने खडू घेतला. तिने फळ्यावर चारही पायऱ्या लिहिल्या, तिसरीवर काट मारली आणि बाजूला खरी मांडली.

"ही चूक मी जिज्ञासाला शिकवली. तिने ती अस्मिताला शिकवली. कॉपी कोणीच केली नाही. अस्मिताच्या घरी कोणी बघत नाही, असं मी म्हणाले होते. ते मला काही माहीत नसताना म्हणाले."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. जिज्ञासाचे कान लाल झाले होते.

"अस्मिता, ये बाळा तुझ्या जागेवर," मॅडम म्हणाल्या.

अस्मिताने फळ्यावरची तिसरी पायरी वहीत उतरवून घेतली. मग मान वर केली. "नको मॅडम. मी इथेच बसते."

पुढच्या बाकावर जिज्ञासा तिच्यासाठी सरकली होती. ती तशीच कडेला, दप्तर मांडीवर धरून बसून राहिली. शलाकाला मुलीकडे बघायचा धीर झाला नाही.